युफोर्बियाची फुले फिकी का पडतात?

"कुंडी आणली तेव्हा फुले लालभडक होती, आता फिकी का?" असे पुष्कळ भगिनी विचारतात. नर्सरीवाल्याने फसवले, हा सर्वांचा पहिला संशय. याच संशयाने आम्हीही एकदा घरातले युफोर्बिया फेकायला काढले होते. बरे झाले, फेकले नाही.

हे काटेरी झाड मूळचे मादागास्करचे. रीयूनियन बेटाचे गव्हर्नर राहिलेले मिलिअस यांनी ते १८२१ साली फ्रान्सला नेले. त्यांच्यावरूनच ‘युफोर्बिया मिली’ हे नाव पडले. जाड खोडात पाणी साठवून ते कोरडे दिवस काढते. आपल्या गावाकडचा शेर याच कुळातला.

आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ती खरे तर दोन रंगीत पाने असतात. खरी फुले मधोमध, अगदी बारीक. म्हणूनच हा रंग कित्येक आठवडे टिकतो. मात्र वय झाले की तोही उतरतो, कधी हिरवट होतो. जुनी फुले फिकी आणि नवी लाल असतील, तर काळजी नको. नवीच फिकी येत असतील, तर झाडाला ऊन कमी पडते आहे असे समजावे. लाल रंग नीट धरायला ऊन लागते.

आमच्याकडे तेच झाले होते. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला गॅलरी हवी, म्हणून कुंडी आत मोरीजवळ ठेवली. ती दिवाळीपर्यंत तिथेच राहिली! पुन्हा बाहेर काढल्यावर जुनी फुले काही लाल झाली नाहीत, पण नव्या घोसाला पहिल्यासारखा रंग आला.

तेव्हा रोज चार-पाच तास ऊन द्यावे. आतली कुंडी एकदम कडक उन्हात ठेवू नये, आठवडाभरात हळूहळू सरकवावी. माती वाळल्यावरच पाणी घालावे. रंगाचा रिकामा डबा वापरला असेल, तर तळाला भोके हवीत. युरिया जास्त टाकू नये, नुसती पाने माजतात.

एक गोष्ट विसरू नका. या झाडाचा पांढरा चीक अंगाला झोंबतो, डोळ्याला तर फार वाईट. छाटताना हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि मुलांना लांब ठेवा. चीक डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि तडक दवाखाना गाठा.