नाक आणि सुरकुती

चांदणी चौकाच्या पलीकडे, पौड रस्त्यावर, आमचें भूगाव आहे. एके काळीं येथें भातखाचरें होतीं. आतां इमारतींच्या रांगा आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या मंडळींत चेहरा ताणून तरुण करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे 'फेसलिफ्ट', हा चर्चेचा विषय झाला आहे. आमच्या परिचयांतील एका विद्वान गृहस्थांनीं नुकतेंच आम्हांस बजावलें कीं, या शस्त्रक्रियेला नाक मुरडणें म्हणजे आपल्याच पूर्वजांना नाक मुरडणें होय. कारण ही विद्या सुश्रुताची, आणि ती युरोपला शिकविली ती आमच्या पुण्यानें!

यांतील अर्धा भाग खरा आहे. इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा इसम १७९२ च्या युद्धांत टिपूच्या कैदेंत सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो तसाच वावरला. पुढें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापून आली, आणि १८१४ मध्यें कार्प्यू या शल्यविशारदानें तोच प्रयोग लंडनांत केला. येथवर आमचें विद्वानांशीं भांडण नाहीं. परंतु कावसजीचें नाक कापून नेलेलें होतें. तें त्यास परत मिळालें. सुरकुती पडलेल्या माणसाचें कोणीं काय कापून नेलें आहे?

हा भेद सरकारच्या करविभागासहि ठाऊक आहे. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां वैद्यकीय उपचारांच्या करमाफींतून सौंदर्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया वगळण्यांत आली. जन्मजात व्यंग, वाढींतील दोष किंवा इजा यांनीं बिघडलेलें शरीर पूर्ववत् करणारी शस्त्रक्रिया मात्र माफींत राहिली. जें कर आकारणाऱ्या कारकुनास कळतें, तें विद्वानांस कळूं नये काय?

कोणी म्हणेल, ज्याच्यापाशीं पैसा आहे त्यानें कर भरून चेहरा ताणून घ्यावा. तुमचें काय गेलें? ठीक आहे. मग घेणाऱ्यास माल तरी नीट सांगा. कानाच्या पुढून व मागून छेद घेऊन कातडी सोडवितात. पूर्वीं नुसती कातडीच ताणून शिवीत. ती लवकर सैल पडे व चेहरा ओढल्यासारखा दिसे. १९७६ मध्यें मित्झ व पेरोनी यांनीं कातडीखालच्या, स्नायूंशीं जोडलेल्या पटलाचें वर्णन केलें, आणि तें पटल उचलून बांधण्याची रीत रूढ झाली. १९९० मध्यें हॅमरा यांनीं त्याहून खोल जाऊन कातडी व पटल एकत्र उचलण्याची 'डीप प्लेन' पद्धति मांडली. परिणाम कित्येक वर्षें टिकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चेहरा हालविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा तेथेंच आसपास असतात. त्या दुखावल्यास ओठ वा भिवई लुळी पडूं शकते. कातडीखालीं रक्त सांकळण्याचें भय असतें. धूम्रपान करणाऱ्याची कातडी मरण्याचा धोका अधिक. इतकें सोसूनहि ओठांभोवतालच्या बारीक सुरकुत्या बहुधा तशाच राहतात, आणि वय पुढें चालतच असतें. दोरे घालून चेहरा उचलण्याचा जो सोपा प्रकार आहे, त्याचा गुण तर फारच लवकर ओसरतो. हें सर्व, आणि शस्त्र धरणाऱ्यापाशीं प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे किंवा नाहीं हें, जाहिरातींतील हसऱ्या चेहऱ्यांवरून कळत नाहीं.

आमच्या मिशांना आम्ही दर पंधरवड्यास कलप लावतों, हें वाचकांपासून लपवीत नाहीं. तेव्हां वय झांकणाऱ्यांस दगड मारण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, व तो आम्हांस नकोहि आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी, वय सत्तेचाळीस, या शस्त्रक्रियेविषयीं विचारावयास आली होती. 'तुम्ही थकलेल्या दिसतां' असें सांगून तिला कचेरींत लोकांसमोरच्या जागेवरून उठवून मागच्या खोलींत बसविलें होतें. तिचें काम पूर्वींइतकेंच चोख होतें. 'करूं नकोस' असें तिला सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. पण ज्यांनीं तिला उठविलें, त्यांच्या डोळ्यांवर कोणती शस्त्रक्रिया करावी?

२०१७ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आमच्या भूगावांत झाल्या. चुरगळलेल्या, जाड झालेल्या कानांचे पैलवान पाहून लोक आदरानें वाट देतात. कान सरळ करून घ्या, असें त्यांस कोणी म्हणत नाहीं. तो कान मेहनतीची साक्ष मानला जातो. मग मुळशीच्या खाचरांत जन्मभर ओणव्यानें लावणी केलेल्या बाईच्या, किंवा आमच्या त्या विद्यार्थिनीच्या, चेहऱ्यावरील रेघांनींच असा कोणता गुन्हा केला आहे?

कापलेलें नाक जोडणाऱ्या विद्येपुढें आम्ही नम्र आहों. वार्धक्यास रोग ठरवून त्यावर औषध विकणाऱ्यांनीं त्या वीटकऱ्याचें नांव आपल्या पाटीवर लावूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.