ताडोबाचे ऋण कोण फेडणार?

वैशाखाच्या उन्हाने विदर्भाची भूमी करपून निघत असते, त्या दिवसांतच ताडोबाचे अरण्य पाहावे. पानगळीने उघडे पडलेले सागाचे रान, त्यात उठून दिसणारा पांढऱ्या सालीचा कांडोळ, बांबूची दाट बेटे आणि पाण्याच्या ओढीने बाहेर पडलेली सांबरे, चितळे नि गवे! तळ्यात मगर निपचित पडलेली असते आणि काठच्या फांदीवर मत्स्यगरुड मासळीची वाट पाहत असतो. मोहाच्या झाडाखाली अस्वलाचे माग दिसतात, तर एखाद्या वळणावर रानकुत्र्यांची टोळी आडवी जाते.

हे सारे पाहून परतणाऱ्या शहरवासीयास प्रश्न मात्र एकच विचारला जातो : ‘वाघ दिसला काय?’ आमच्या मते विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. हा वाघ जगावा म्हणून कोणी काय सोसले आणि आम्ही शहरवासीयांनी त्यात किती वाटा उचलला?

ताडोबाचे नावच तेथील गोंड समाजाच्या श्रद्धेतून आले आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना कामी आला व त्यास देवत्व लाभले, अशी ही श्रद्धा असून त्याचे स्थान आजही तळ्याकाठी आहे. ज्या वाघाने आपला माणूस नेला, त्याच्याच रानात देव मानून राहणाऱ्या या समाजास अरण्यरक्षणाचे धडे शहराने द्यावेत, हे हास्यास्पद होय. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा गाभा व त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र, असा त्याचा विस्तार आहे. कायद्याचे व वनरक्षकांच्या कष्टांचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु बोटेझरी, नवेगाव-रामदेगी, जामणी यांसारख्या गावांनी आपल्या पिढीजात जागा सोडल्या, म्हणून गाभ्यास निवांतपणा लाभला, हे विसरता येणार नाही.

वाघ वाढले आणि वाढलेला वाघ नकाशावरील रेषा मानीत नाही. ब्रह्मपुरीच्या बाजूस शेते, गावे आणि वाघ यांची सरमिसळ झाली आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. चार पैशांसाठी पहाटे रानात शिरणाऱ्या या स्त्रियांना ‘जंगलात जाऊ नका’ असे सांगणे सोपे आहे; त्यांच्या चुलीची सोय लावणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. याच जिल्ह्याच्या पोटात कोळसा आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र राज्यासाठी वीज निर्माण करते आणि त्या विजेवर आमची शहरे उजळतात. वीज नको, असे म्हणण्याचा दांभिकपणा आम्ही करणार नाही. परंतु खाणी व रस्ते यांनी एका वनापासून दुसऱ्या वनाकडे जाणारी वाट बंद केली, तर ताडोबा हे जिवंत अरण्य न राहता एक मोठा पिंजरा होऊन बसेल. वाट अडलेला तरुण वाघ मग गावाकडेच वळणार, आणि त्याचा दोष वाघावर ढकलता येणार नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. वनांना जोडणाऱ्या वाटा कोणत्याही खाणीच्या वा रस्त्याच्या मंजुरीपूर्वी राखल्या जाव्यात. पर्यटनाच्या उत्पन्नातील गावांचा वाटा उपकार म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळावा व त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे उघडा ठेवला जावा. आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाचा वावर असलेल्या भागांत मजुरांना वेळीच सूचना, सोबत व पर्यायी रोजगार मिळावा.

चौथी गोष्ट सरकारकडे मागण्याची नाही, ती आम्हा शहरवासीयांकडूनच हवी आहे. वाघाभोवती गाड्यांचा गराडा घालण्याचा हट्ट आपण सोडावा. वाघ न दिसताही ताडोबाहून तृप्त मनाने परतणारा प्रवासी ज्या दिवशी बहुसंख्य होईल, त्या दिवशी या ऋणाचा पहिला हप्ता फिटला असे आम्ही समजू.