लोहिताक्ष मर्म आणि निखळलेला खांदा

मुळशीच्या पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावरून घसरून खांदा निखळलेला रुग्ण अनेकदा प्रथम आपल्याकडेच येतो. सुश्रुतांनी लोहिताक्ष हे सिरामर्म मानून तेथील रक्तक्षयाने पक्षाघात सांगितला. बाहूत ते काखेतील मुख्य धमनीच्या मार्गावर येते. या धमनीस मज्जातंतूंचे जाळे वेढून असते आणि वृद्धांत ती ताठर झाल्याने फाटण्याचा धोका अधिक. स्कंधाभोवतीच्या उपशाखांमुळे हात उबदार राहतो, क्वचित नाडीही लागते. तेवढ्यावर विसंबू नये. आमचे स्पष्ट मत असे की, खांदा बसविण्यापूर्वी व नंतरही दोन्ही मनगटांची नाडी ताडून पाहावी (नाडीपरीक्षेचा वारसा आपण सांगतोच). काखेत सूज वाढत असल्यास मर्दन वर्ज्य. रुग्ण तत्काळ शल्यचिकित्सकाकडे धाडावा. औषधालयचालकांनीही तेलाची बाटली देण्यापूर्वी बोटे बधिर आहेत का, हे विचारावे.