आधी डायल गेज, मग लॅपटॉप

ज्या गॅरेजात डायल गेज नाही, तिथे कुणी ‘इंजिन ट्यूनिंग’ अशी पाटी लावू नये. लावली तर ती फसवणूक आहे. मी ती पैसे मोजून अनुभवली आहे.

माझी जिप्सी मातीवरच्या शर्यतींसाठी आहे. रस्त्यावर ती चालत नाही, ट्रकवरून जाते. तिच्यात जुन्या बलेनो सेडानचं १५९० सीसीचं इंजिन आहे. जिप्सीचं मूळचं इंजिन आणि हे, दोन्ही सुझुकीच्या ‘जी’ घराण्यातली. हेडला फेसिंग झालं, ॲडजस्टेबल कॅम पुली बसली, हवा तसा मॅप टाकता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आला. मग स्वतःला ट्यूनर म्हणवणाऱ्या एकाने पुली अंदाजाने पुढे सरकवली, लॅपटॉप जोडून पेन ड्राइव्हमधली तयार फाइल चढवली, दोनदा रेस देऊन कान लावला आणि म्हणाला, “झालं, आता बघा कशी पळते.” तिसऱ्या शर्यतीत चढावर इंजिन टकटकायला लागलं. हेड उघडलं तर एका पिस्टनची कड वितळलेली. त्याचं उत्तर, “पेट्रोलमध्ये भेसळ असेल.”

पेट्रोलचा दोष नव्हता. त्या माणसाने एकही माप घेतलं नव्हतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. त्यामुळे कॅमवरची चूक क्रँकच्या हिशेबात दुप्पट होते. कॅम पुलीला ४० दाते धरा. बेल्ट एक दाता चुकला की कॅम ९ अंश हलतो, म्हणजे क्रँकचे १८ अंश. ही चूक कुणीही पकडेल, कारण गाडी धड चालतच नाही. घात करते ती लहान चूक. फेसिंग केलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची ढील टेन्शनर ओढून घेतो आणि कॅम मागे पडतो. अर्धा मिलिमीटर काढला तर क्रँकच्या मापात साधारण एक अंश. जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाचं हेड आधी किती वेळा फेस झालंय, हे कुणाला माहीत असतं? टायमिंगच्या खुणा मात्र जुळलेल्याच दिसतात.

क्रँक पुलीवरची खूणसुद्धा विश्वासाची नसते. अनेक पुल्यांत आतल्या-बाहेरच्या कड्यांमध्ये रबर असतं. ते जुनं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि त्यासोबत खूणही. म्हणून प्लगच्या भोकातून अडसर घालायचा, क्रँक हाताने दोन्ही दिशांनी पिस्टन टेकेपर्यंत फिरवायचा आणि दोन खुणांचा मध्य काढायचा. खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा, तो. मग क्रँकवर अंशांची तबकडी, व्हॉल्ववर डायल गेज. अर्ध्या दिवसाचंसुद्धा काम नाही. ते टाळणाऱ्याला वेळेची अडचण नसते, त्याला ते येत नसतं.

आणि हे न करता ईसीयूला हात लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. ईसीयूला इंजिन दिसत नाही. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान, आरपीएम एवढं त्याला कळतं. सिलिंडरमध्ये हवा किती शिरली असेल, हे तो आपण भरलेल्या टेबलावरून मानतो. ते टेबल कॅमच्या एकाच जागेपुरतं खरं असतं. सिंगल कॅम पुढे घेतला तर इनटेक व्हॉल्व लवकर मिटतो आणि खालच्या आरपीएमला पिकअप सुधारतो. मागे घेतला तर वरची ताकद वाढते, खालची जाते. चार अंश हलवून जुनंच टेबल ठेवलं तर ईसीयू दुसऱ्याच इंजिनाला पेट्रोल पाजत असतो.

माझ्या पिस्टनचा जीव आणखी एका गोष्टीने घेतला. ठिणगीची वेळ ज्यावरून ठरत होती तो सेन्सर कॅमच्या टोकाला होता. कॅम पुढे गेला, तशी ठिणगीही पुढे गेली. पुढे दुसऱ्या मेस्त्रींनी ईसीयूत टायमिंग १० अंशांवर बांधलं आणि टायमिंग लाइट धरला. पडद्यावर १०, क्रँकवर १६! सहा अंशांची ही चोरी दोन मिनिटांत उघडी पडली असती.

फाइलचंही तेच. ती निव्वळ पेट्रोलच्या १४.७ ला १ या प्रमाणावर बांधलेली. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचं प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे त्याच फाइलवर मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय फुल थ्रॉटलला हे कळत नाही, आणि त्या गॅरेजात तोही नव्हता.

“जुने मेस्त्री कानानेच करायचे,” असं मला ऐकवलं जातं. जुन्या मेस्त्रींची ही बदनामी आहे. कार्बोरेटर ते कानाने लावत, पण टॅपेटला फीलर गेज घालत आणि टायमिंगला दिवा धरत. त्यांचा कान मापाच्या पाठीवर उभा होता. मी कोल्हापूरचा आहे. उद्यमनगरातला बोअरिंगवाला शतांश मिलिमीटर मोजून सिलिंडर हातात देतो. त्याच सिलिंडरवर हजारो रुपये घेऊन अंदाज विकणाऱ्याला या गावात कारागीर म्हणवून घेण्याचा हक्क नाही.

हे खपतं, कारण काम लपून होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला तुरुंगवास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत असं इंजिन घालणारा ना बिल मागतो, ना तक्रार करतो. त्याच्या भीतीवर हे लोक जगतात. पण शर्यतीच्या गाडीवाल्याने गप्प बसायला काय कारण आहे?

दुसऱ्या मेस्त्रींनी मला एक कागद दिला. खरा टीडीसी, इनटेक व्हॉल्व किती अंशांवर किती उघडतो, दिव्याखाली तपासलेलं टायमिंग, लोडवरच्या मिश्रणाचे आकडे, खाली तारीख आणि सही. तो बॉनेटच्या आत चिकटवलेला आहे. काम सुरू होण्याआधी असाच कागद मागा. द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्या हातात गाडीची किल्लीसुद्धा देऊ नका.