मांडव उचलता आला पाहिजे

नदीकाठी लॉन्स टाकायचं म्हटलं की आजकाल कुणाला त्यात वावगं वाटत नाही. जमीन तशी पडूनच असते, वारा मोकळा असतो आणि फोटोत मागे नदी दिसते. पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल या मुठेकाठच्या डीपी रस्त्यावर हेच होत गेलं. एकाला लागून दुसरं मंगल कार्यालय उभं राहिलं, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, निळ्या पूररेषेच्या आतली बांधकामं हटवण्याचे आदेश झाले आणि बुलडोझर फिरले. पुण्याच्या लॉन्सशी परंडा तालुक्यातल्या आपल्या सोनारीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा की शहराचा कित्ता गिरवायला तालुक्याला फार वर्षं लागत नाहीत. परंडा, बार्शी, करमाळा या पट्ट्यात लग्नं आता दारातल्या मांडवातून उठून कार्यालयात गेली आहेत. कार्यालयाला जागा लागते, आणि स्वस्तातली सपाट जागा नदी-ओढ्याच्या कडेलाच मिळते.

निळी रेषा म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर चढतं ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. तरीही २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून साधारण ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. काठावर भराव पडत गेले, पात्र आवळत गेलं, की कागदावरची रेषा तिथंच राहते आणि पाणी तिच्या कितीतरी पुढे येतं.

आपल्याला हे पुण्याकडून शिकायची गरज उरलेली नाही. २०२५च्या सप्टेंबरात सीनेनं आणि तिला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांनी परंडा तालुक्यात जे केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. गावांना वेढा पडला, माणसं छपरावर अडकली, हेलिकॉप्टरनं सुटका करावी लागली. शेतातली माती खरडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. ज्या पट्ट्यात पाणी असं चालून आलं, त्याच पट्ट्यात उद्या कुणी सिमेंटचा हॉल बांधून पाचशे माणसांच्या पंगती बसवणार असेल, तर तो फक्त त्या जागामालकाचा खासगी प्रश्न राहत नाही. हॉलच्या संरक्षक भिंतीनं अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या रानात वळतं.

मग नदीकाठी माणसांनी जमूच नये का? जमावं, आणि खूप जमावं. आपल्या लोकांना काठावर जमायची शेकडो वर्षांची सवय आहे आणि ती रीत मुळातच शहाणी आहे.

नाशिकचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगण आहे. तिथं दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. संध्याकाळी सतरंज्या-खुर्च्या मांडायच्या, ध्वनिक्षेपक लावायचा आणि घाटाच्या दगडावर बसून वक्ता ऐकायचा. जुलै-ऑगस्टात हेच पटांगण पाण्याखाली जातं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्यापर्यंत आलं, यावर नाशिककर पूर मोजतात. १७४७ साली बांधलेलं नारोशंकराचं देऊळही अशाच पुरात उभं राहत आलंय. पूर ओसरला की गाळ धुतात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा व्याख्यानं. कार्यक्रमाची जागा बुडते, पण कुणाचं नुकसान होत नाही, कारण तिथं बुडण्यासारखं काही बांधलेलंच नसतं. वाईचा कृष्णाबाईचा उत्सवही असाच. माघ-फाल्गुनात, कृष्णेचं पाणी उतरलेलं असताना, एकेका घाटाचा उत्सव आपापल्या तिथीला होतो. मांडव पडतो, देवी बसते, कीर्तनं होतात, प्रसादाच्या पंगती उठतात आणि मांडव निघतो.

आपल्या सोनारीच्या काळभैरवनाथाची यात्राही त्याच शहाणपणावर उभी आहे. चैत्र निवडला गेला तो काही उगाच नाही. ज्वारी निघालेली असते, रानं मोकळी असतात, ओढ्यांना पाणी नसतं. मोकळ्या रानात पाळणे लागतात, मिठाईची पालं पडतात, रथ निघतो आणि देवळाभोवतीची वानरं माणसाच्या हातातले हरभरे-शेंगदाणे नेमके हेरून घेतात. यात्रा उठल्यावर पाळण्याच्या खांबांचे खड्डे बुजवले की मृगात त्याच जमिनीत पेरणी होते. जमीन जत्रेचीही राहते आणि पिकाचीही.

म्हणून नाशिकच्या तपोवनाचं ऐकलं तेव्हा वाईट वाटलं. येत्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभं करायचं म्हणून तिथली झाडं तोडायचा घाट घातला गेला. २०२५च्या अखेरीस नाशिककर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्याच परिसरात कायमचं प्रदर्शन केंद्र उभारायचा प्रस्तावही पुढे आला होता. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि सरतो, राहुट्या येतात आणि जातात. त्याच्या निमित्तानं कायमचं बांधकाम नदीकाठी येऊन बसत असेल तर सिंहस्थाची रीतच मोडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता किल्ल्यांबद्दल. नदीकाठ आणि किल्ला हे दोन्ही आज ‘लोकेशन’ झाले आहेत, म्हणून हा विषय वेगळा ठेवता येत नाही. २०१९च्या सप्टेंबरात राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाड्यानं देणार, अशी बातमी आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. संरक्षित आणि वर्ग एकचे किल्ले यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. केंद्र-संरक्षित स्मारकांसाठी १९५९चे नियम आहेत. सभा, मेजवानी, करमणुकीचा कार्यक्रम यांना लेखी परवानगी लागते. मात्र रूढ धार्मिक प्रथेला त्यातून मोकळीक आहे. दर्ग्याचा उरूस आणि देवळाची पूजा चालू राहते, भाड्याचा मांडव मात्र आपोआप येत नाही. हा फरक ज्यानं लिहिला त्यानं नीट विचार केला होता.

आपला परंड्याचा किल्ला एकदा सावकाश पाहा. भोवती खंदक, दुहेरी तट, बुरुजांवर अजून पडून असलेल्या लांबलचक तोफा. एका अंधाऱ्या खोलीत तोफगोळ्यांचा ढीग लागलेला आहे. मशिदीचे कोरीव खांब पाहिले की ते आधी कुठल्यातरी देवळात उभे होते हे सांगावं लागत नाही. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरनं इथूनच निजामशाहीचा कारभार पुन्हा उभा केला. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. सुमारे पंचावन्न टनांची ही तोफ परंड्याच्या बुरुजावर होती आणि १६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. याच मुरारपंतानं पुढच्या वर्षी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुलादान केलं. परंपरा सांगते की हत्तीचं वजन करायला त्याला नावेत चढवलं, नाव पाण्यात कुठवर बुडते तिथं खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव दगडांनी भरली आणि ते दगड तोलले. ही युक्ती शहाजीराजांची. नागरगावचं तुळापूर झालं ते या समारंभामुळे. नदीकाठी एवढा मोठा सोहळा झाला आणि मागे गावाचं नाव राहिलं.

परंड्याच्या या तटात लग्नाचा डीजे लागावा असं मला मुळीच वाटत नाही. चुन्यात बसवलेला दगड शतकानुशतकं उन्हा-पावसाला पुरला, पण चुना सुटलेल्या सांध्यांना दणदणाट आणि मांडवासाठी ठोकलेल्या खुंट्या सोसत नाहीत. पण किल्ला कुलपात ठेवून वाचतो, हेही मला मान्य नाही. कुणी फिरकत नसलेल्या तटात आधी बाभळी शिरतात, मग दगड चोरणारे. आपल्याच जिल्ह्यातला नळदुर्ग २०१४ साली एका खासगी कंपनीनं देखभालीला घेतला. झाडोरा निघाला, वाटा झाल्या, बोरी नदीवरच्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळताना पाहायला माणसांची रीघ लागली. खासगी हातांबद्दल माझ्या मनात शंका आहेत, विशेषतः तिकिटाच्या दराबद्दल. गावातल्या शाळकरी पोराला स्वतःचा किल्ला पाहायला पैसे मोजावे लागू नयेत. तरीही राबता असलेली वास्तू जगते, हे नळदुर्गनं दाखवलं आहे.

तेव्हा परंड्यात काय व्हावं? हिवाळ्यात, दिवसाउजेडी, परवानगी काढून इतिहासाची दोन-तीन व्याख्यानं व्हावीत. तालुक्यातल्या शाळांनी तिथं तोफांचे लेख वाचायला शिकावं. सीनाकाठच्या डोमगावात समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या मठातली दासबोधाची हस्तलिखित प्रत हा तर या तालुक्याचा मोठाच ठेवा. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी छापलेला दासबोध याच प्रतीवर आधारलेला आहे. सोनारी, परंडा आणि डोमगाव ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात पाहून होतात. बाहेरचा माणूस यात्रेला येतो, देवदर्शन करतो आणि परत जातो, कारण पुढची दोन ठिकाणं त्याला कुणी सांगतच नाही. एसटीनं यात्रेच्या आठवड्यात एक फेरी या वाटेवर फिरवली तरी खूप होईल. त्याला एक वीटसुद्धा लागत नाही.

आणि एक काम ग्रामसभेनं हाती घ्यावं. सीना, चांदणी आणि मोठ्या ओढ्यांची पूररेषा गावच्या नकाशावर आखून मिळावी, अशी लेखी मागणी जलसंपदा विभागाकडे करावी. २०२५ला पाणी कुठवर आलं होतं त्या खुणा अजून भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर आहेत. तलाठ्याला सोबत घेऊन त्यांचा पंचनामा करावा, फोटो काढावेत, गटनंबर लिहून घ्यावेत. त्या खुणेच्या आत बिनशेतीचा अर्ज आला तर ग्रामपंचायतीनं ना-हरकत देऊ नये आणि त्याच ठरावात यात्रेच्या, लग्नाच्या, सप्त्याच्या उचलता येणाऱ्या मांडवाला मोकळीक ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात भिंतींना रंग लागतील, खांब बदलतील. खुणा आहेत तोवर हे उरकायला हवं.