लोकरीचा धंदा कातरणीपासून उभारावा

आपल्या देशात मेंढ्या वाढत आहेत आणि लोकर मात्र घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६.५ कोटी मेंढ्या होत्या. २०१९ च्या गणनेत त्या ७.४ कोटींवर गेल्या. याउलट २०१४-१५ साली ४.८१ कोटी किलो असलेले लोकरीचे उत्पादन २०२२-२३ साली ३.३६ कोटी किलोपर्यंत खाली आले. त्यातही जवळजवळ निम्मी लोकर एकट्या राजस्थानची आहे.

याचे कारण उघड आहे. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व केसाळ असते आणि वर्षाकाठी मेंढीमागे किलोभरही निघत नाही. कातरणाऱ्याची मजुरीदेखील तिच्यातून सुटत नाही. परिणामी पुष्कळ मेंढपाळ कातरलेली लोकर माळावरच टाकून पुढे जातात, आणि कित्येकांनी तर अंगावर फारशी लोकर नसलेली माडग्याळ मेंढी पसंत केली आहे.

लोकरधंद्याची उन्नती करावयाची म्हटले, की परदेशी जातींचे नाव प्रथम पुढे येते. मेरिनो मेंढा आणावा, अंगोरा बोकड आणून मोहेर काढावे, असे सुचविले जाते. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे लांब, चकचकीत केस. अंगोरा ससा निराळा आणि पश्मिना देणारी लडाखची शेळीही निराळी, हा भेद कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावा. जातिसुधारणेचे काम आपल्याकडे झाले नाही असे नाही. १९६२ साली राजस्थानात अविकानगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने चोकला व नाली या मेंढ्यांपासून परदेशी नरांच्या संकराने ‘भारत मेरिनो’ तयार केली. महाराष्ट्रातही संगमनेरी शेळीचा अंगोरा बोकडाशी संकर करून मोहेर मिळविण्याचे प्रयोग झाले. परंतु धंदा म्हणून ते रुजले नाहीत. प्रयोगक्षेत्रावर निवारा, चारा व औषध वेळेवर मिळते. दिवाळीनंतर शेकडो किलोमीटर चालणाऱ्या कळपास ते मिळत नाही. शिवाय नुकत्याच कातरलेल्या अंगोरा शेळीस थंड पाऊस सोसत नाही. यास्तव आमचे मत असे की, जात बदलण्यापूर्वी आज निघणारी लोकर नीट काढणे, निवडणे व एकत्र विकणे यांस अग्रक्रम द्यावा.

या बाबतीत आफ्रिकेतील लेसोथो या लहानशा डोंगराळ देशाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथील बहुतेक मेंढपाळ गरीब असून त्यांचे कळप लहान आहेत. तथापि लोकर व मोहेर हे त्या देशाचे महत्त्वाचे निर्यातीचे जिन्नस आहेत. मेंढपाळ आपली जनावरे गावोगावच्या कातरणी-केंद्रांवर आणतात. तेथे लोकरीची प्रतवारी होऊन गाठी बांधल्या जातात आणि त्या दक्षिण आफ्रिकेतील लिलावात विकल्या जातात. मात्र २०१८ साली तेथील शासनाने विक्रीची ही वाट बंद करून देशातच विक्री करण्याची सक्ती केली. तेव्हा अनेकांचे पैसे महिनोन्महिने अडकले, मेंढपाळांनी निषेध केला व २०१९ साली सक्ती सैल करावी लागली. बोध दुहेरी आहे. प्रतवारीने माल विकण्याजोगा होतो. पण पैसा वेळेवर हाती पडला, तरच मेंढपाळ पुन्हा केंद्रावर येतो.

प्रतवारी ही आपल्या मेंढपाळास नवीन गोष्ट नव्हे. कोकराची पहिली मऊ लोकर, म्हणजे जावळ, तो पूर्वापार निराळी ठेवीत आला आहे, आणि जावळाच्या घोंगडीस अधिक मोल येते हेही त्यास ठाऊक आहे. हीच दृष्टी साऱ्या कळपास लावावयाची आहे.

कातरणीपूर्वी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवाव्यात व अंग पूर्ण वाळू द्यावे. कातरणी मातीत न करता स्वच्छ ताडपत्रीवर करावी. काळी, पांढरी व करडी लोकर वेगवेगळी ठेवावी. पोटाची, पायांची व शेणाने माखलेली लोकर चांगल्या लोकरीत मिसळू नये. गोखरू व कुसळे काढून टाकावीत. खुणेसाठी डांबर अथवा तैलरंग वापरू नये. ते डाग धुतल्याने जात नाहीत. ओली लोकर पोत्यात भरू नये आणि प्लॅस्टिकची सुतळी बांधू नये. तिचे धागे लोकरीत मिसळले की माल नापसंत होतो. अगदीच टाकाऊ लोकर फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालावी. ती ओल धरते व हळूहळू कुजून नत्र देते.

एवढे करूनही दख्खनी लोकरीचे सुटाचे कापड होणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिचे क्षेत्र घोंगडी, जेन, सतरंजी व गालिचे हेच आहे. मेंढपाळाचे मुख्य उत्पन्न मटणाचेच राहील. परंतु कातरणीचा खर्च निघून चार पैसे उरावेत, ही अपेक्षा वाजवी आहे. ती पुरी न झाल्यास आणखी काही वर्षांत कातावयास लोकर उरणार नाही आणि घोंगडी विणणारे हातही उरणार नाहीत.

२०१७ पासून राबविल्या गेलेल्या महामेष योजनेतून २० मेंढ्या व १ नर असे गट देण्यात आले. मेंढ्या देताना लोकरीचाही विचार व्हावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कळप स्थलांतरास निघण्यापूर्वी चार-पाच वाड्यांची कातरणी एके ठिकाणी घडवून आणावी, प्रतवार वजने सर्वांसमक्ष लिहून ठेवावीत आणि विणकरांशी सौदा आधीच ठरवावा. राष्ट्रीय धंद्याचा पाया परदेशी बोकडाने नव्हे, तर अशा एका स्वच्छ ताडपत्रीने व चोख हिशेबाने घातला जाईल.