मागचे ब्रेक पॅड, घरच्या अंगणात
समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि नागपूरकरांच्या गाड्या ताशी 120 किलोमीटरने धावू लागल्या. वेग 60चा 120 झाला की थांबताना ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणूनच ज्याला पाना धरता येतो, त्याने आपल्या गाडीचे ब्रेक एकदा तरी स्वतः उघडून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो. त्यातले लायनर बदलणे हे वेगळे काम. मागे डिस्क असेल तर मात्र पॅड अंगणातही बदलता येतात, फक्त मे महिन्यात पहाटेच, कारण दुपारी पारा 45च्या पुढे जातो. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. खाली स्टँड हवाच, यात तडजोड नाही. खरी मेख पिस्टनमध्ये आहे. हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालत असेल, तर बहुतेक गाड्यांत पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत न्यावा लागतो. जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा बिघडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडवर घ्यावी लागते. पिस्टन आत जाताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, तिकडे लक्ष ठेवा. सांडले तर रंग खाते. काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे बदलायचे. चाके बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, मग कॉलनीतल्या रिकाम्या गल्लीत हळू चालवून पाहा. वर्धा रोड त्यानंतर.